जिव्हाळ्याचा देश आणि चरितार्थाचा कायदा

'पाश्चात्त्यांकडे सुबत्ता आहे, पण माया नाही. आपल्याकडे माया आहे,' हे वाक्य व्याख्यानमालांतून, सत्कार समारंभांतून आणि निवडणुकीच्या भाषणांतूनही इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. या समजुतीला छेद देणारी कागदपत्रे मात्र आपल्याच न्यायालयांच्या दप्तरात साचत आहेत. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका वृद्ध मातेच्या बाजूने निकाल दिला. तिने २०१९ मध्ये आपली मालमत्ता बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली होती. मुलगा आपल्याला शेवटपर्यंत सांभाळील, ही त्यामागची अट होती. सांभाळ झाला नाही, अशी तिची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मुलाच्या बाजूने दिलेला निर्णय फिरवून सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि मालमत्तेचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला.

ज्या कायद्याच्या आधारे हा निकाल लागला, तो म्हणजे 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७'. मुले सांभाळत नसतील, तर आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, नव्वद दिवसांत त्याचा निकाल लागावा अशी अपेक्षा असते आणि दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. विधेयक मांडताना सरकारने जी कारणे दिली, ती लक्षात घेण्याजोगी आहेत. भारतीय समाजाच्या परंपरागत मूल्यांनी वृद्धांच्या सांभाळावर भर दिला होता. पण एकत्र कुटुंबपद्धती क्षीण होत चालल्याने अनेक वृद्धांकडे कुणी पाहीनासे झाले आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे पूर्वी सारे ठीक होते, आता बिघडले. दोष अर्थातच बदलत्या काळाचा, आणि बदलता काळ म्हणजे पश्चिमेचे वारे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे निदान कितपत खरे आहे? कायद्याच्याच इतिहासात थोडे मागे गेले तर चित्र निराळे दिसते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी आणि मुले यांच्यापुरता होता. १९७३ च्या संहितेतील १२५ व्या कलमाने त्यात आई-वडिलांची भर घातली. त्याही आधी, १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध व निराधार आई-वडिलांना सांभाळण्याचे बंधन मुलगा व मुलगी या दोघांवरही टाकले होते. १९८७ मध्ये तर कल्याण येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित मुलीविरुद्ध वडिलांनी केलेला पोटगीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आर्थिक उदारीकरण, उपग्रह वाहिन्या, मॉल आणि माहिती तंत्रज्ञानातील नोकऱ्या हे सारे त्यानंतरचे आहे. तेव्हा 'पश्चिमेचे वारे' हे कारण येथे फारसे उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राचे आराध्य दैवत ज्याच्यासाठी विटेवर उभे राहिले, त्या पुंडलिकाची कथा तरी काय सांगते? आई-वडिलांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचा, काशीच्या वाटेवर त्याच आई-वडिलांचे हाल करणारा आणि नंतर उपरती झालेला पुंडलिक कीर्तनात येतो, पण भाषणात येत नाही. समाजाला मातृपितृसेवेचा आदर्श इतक्या ठळकपणे उभा करावासा वाटला, याचा अर्थच असा की ती सेवा घरोघर आपोआप घडत नव्हती.

मराठी रंगभूमीने तर ही व्यथा २००७ च्या कायद्याच्या ३७ वर्षे आधी मांडली. १९७० साली रंगमंचावर आलेल्या वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर जवळचे सारे मुलांच्या हवाली करतात आणि मग मुलांच्या घरी नकोसे होतात. नाटकामागची प्रेरणा शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची, हे सर्वश्रुत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या प्रेक्षकाला जी गोष्ट आपल्या घरातली वाटली, तीच साडेतीन शतकांनी मराठी प्रेक्षकालाही आपल्या घरातली वाटली. २००७ च्या कायद्यातील २३ वे कलम हे जणू या दोन म्हाताऱ्यांसाठीच लिहिलेले आहे. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत घेता येते, असे ते कलम सांगते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०२२ च्या एका निकालात स्पष्ट केले होते. लिअरने निदान शंभर सरदार आणि महिन्या-महिन्याचा मुक्काम तरी मागून घेतला होता. बेलवलकरांनी काहीच मागितले नाही. त्यांचा अर्ज बहुधा फेटाळला गेला असता. २०२५ च्या निकालाने कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने अधिक उदारपणे लावण्याची दिशा दाखवली, हे त्याचे महत्त्व.

आता एकत्र कुटुंबाविषयी. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचे खाणारे, मालमत्ता सामाईक असणारे असे एकत्र कुटुंबाचे जे वर्णन केले, ते पुढे प्रमाण मानले गेले. परंतु त्यानंतर आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा येथे केलेला अभ्यास आणि ए. एम. शहा यांचे लेखन यांतून प्रश्न गुंतागुंतीचा झाला. देसाईंचे म्हणणे असे की, वेगळी चूल म्हणजे तुटलेले नाते नव्हे. वेगळे राहूनही माणसे कर्तव्याने आणि व्यवहाराने एकत्र असतात. शहा यांनी तर सरसकट सगळा समाज पूर्वी मोठ्या एकत्र कुटुंबांत राहत होता, या कल्पनेलाच हात घातला. जमीनजुमला असलेल्या, वरच्या जातींच्या घरांतील चित्र सगळ्या देशावर लावले गेले. दुसरेही एक साधे कारण आहे. १९५१ च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली गेली होती, हे खरे. तरीही नातवंडाच्या लग्नापर्यंत जगणारे आजी-आजोबा तेव्हा आजच्याइतके नव्हते. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांचे वार्धक्य आणि त्यातली अंथरुणाला खिळलेली काही वर्षे हा अनुभव बहुसंख्य भारतीय घरांना नवा आहे. परंपरेने ज्या परीक्षेची तयारी करून घेतली, ती परीक्षा आणि आजची परीक्षा एकच नाही.

पश्चिमेविषयीची आपली समजूतही इतकीच सैल आहे. औद्योगिक क्रांतीने तिकडची एकत्र कुटुंबे मोडली, असे सर्रास सांगितले जाते. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवले की, इंग्लंडमधील कुटुंब यंत्रयुगाच्या कितीतरी आधीपासून लहानच होते. मुलगा लग्न करून वेगळा होई. मग म्हाताऱ्यांचे काय? मध्ययुगीन इंग्लंडमधील जमीनदारी न्यायालयांच्या नोंदवह्यांत याचे उत्तर मिळते. शेत मुलाच्या हाती सोपवताना बाप करार करून घेई. राहायला एक खोली, वर्षाला इतके माप धान्य, इतके सरपण, इतके कपडे. जर्मन आणि ऑस्ट्रियन खेड्यांतही असे करार पिढ्यानपिढ्या चालत आले. भारतीय वाचकाला हे वाचून कसेसेच होईल. बाप-लेकांत करार? पण करार करणारा बाप मुलावर प्रेम करत नव्हता, असे मानायला आधार नाही. भाकरीचा हिशेब प्रेमाच्या खात्यात टाकू नये, एवढेच त्याला कळत होते.

पुढची पायरी राज्यसंस्थेने उचलली. इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्याने ऐपत असलेल्या मुलांवर गरीब आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकली होती. १९०८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या गरिबांसाठी आठवड्याला पाच शिलिंगचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. १९४८ मध्ये गरीब कायदाच मोडीत निघाला आणि त्याबरोबर मुलांवरील ते कायदेशीर बंधनही गेले. ब्रिटनने जे बंधन १९४८ मध्ये कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकले, तेच स्वतंत्र भारताने १९५६, १९७३ आणि २००७ अशा तीन टप्प्यांत कायद्याच्या पुस्तकात घट्ट केले. दोन्ही समाजांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. प्रेम किती आणि कुणाचे, याच्याशी त्याचा संबंध थोडा. म्हाताऱ्याच्या ताटातील अन्न आणि त्याची औषधे यांचा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचे दोन समाजांनी दिलेले हे दोन उत्तर आहेत.

अर्थात 'पाश्चात्त्य' म्हणून एकच एक समाजही नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत गरजू आई-वडिलांच्या निर्वाहाचे बंधन मुलांवर आजही आहे. जर्मनीत २०२० पासून, वर्षाला एक लाख युरोपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या मुलांकडूनच असा खर्च वसूल करता येतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात २०१२ मध्ये आईच्या शुश्रूषागृहाचे सुमारे ९३ हजार डॉलरचे बिल न्यायालयाने मुलाच्या माथी मारले. मुले घर केव्हा सोडतात, यातही युरोपात दोन टोके आहेत. युरोपीय संघाच्या सांख्यिकी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार फिनलंडमधील तरुण सरासरी २१.३ व्या वर्षी घर सोडतो, इटलीतला तिशीत आणि क्रोएशियातला ३३.४ व्या वर्षी. अठरावे वर्ष लागताच तिकडे मुलाला घराबाहेर काढतात, ही आपल्याकडची लाडकी दंतकथा मिलान किंवा झाग्रेबमधल्या आईला सांगितली तर ती हसेल.

भाकरीचा प्रश्न सुटल्यावर नात्याचे काय होते, हा यातला सर्वांत रंजक भाग. ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि एफा कॉकाइस यांनी १९६३ मध्ये व्हिएन्नातील वृद्धांच्या अभ्यासातून 'अंतरावरची जवळीक' ही कल्पना मांडली. मुलांनी जवळपास राहावे, वरचेवर यावे. पण एका घरात राहू नये, असे त्या वृद्धांनाच वाटत होते. आपल्याकडे निवृत्तिवेतन मिळणाऱ्या मध्यमवर्गात हीच भाषा आता ऐकू येते. मुलगा कोथरूडमध्ये आणि आई-वडील दोन गल्ल्या सोडून, ही व्यवस्था अनेक घरांनी स्वखुशीने पत्करली आहे. पुण्यात 'अथश्री'सारखी खास ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले उभी राहिली आणि भरली, तीही सगळी नाकारलेल्या आई-वडिलांनी भरलेली नाहीत. ज्याच्या बँक खात्यात पहिल्या तारखेला पैसे जमा होतात, त्याला मुलाशी प्रेमाने बोलणे सोपे जाते आणि मुलालाही. हा गुण ना पूर्वेचा, ना पश्चिमेचा.

पश्चिमेत सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला, तेव्हा आपल्याकडे त्याची बरीच चेष्टा झाली. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकाकीपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे आणले. मूर्ती यांचे आई-वडील मूळचे कर्नाटकातले, ही बाब आपल्याकडे अभिमानाने सांगितली गेली. अमेरिकेत साठीपुढच्या सुमारे २७ टक्के व्यक्ती एकट्या राहतात. भारतातील २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे सहा टक्के निघाले. एवढ्या आकड्यांवर थांबले, तर आपला विजय निश्चित आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा जून २०२५ मधील अहवाल वेगळेच सांगतो. एकाकी वाटते असे सांगणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत सुमारे २४ टक्के आहे. हे प्रमाण केवळ वृद्धांचे नाही, सर्व वयांचे आहे. आणि भारत जागतिक वर्गवारीत सर्वांत गरीब गटात मोडत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. तरीही एकटे राहणे आणि एकटे वाटणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यातून दिसतेच. भरल्या घरात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या पलंगावर दिवसभर कुणी दोन शब्द न बोललेली आजी पहिल्या आकड्यात कधीच मोजली जात नाही.

या साऱ्या चर्चेत एक व्यक्ती हटकून गैरहजर असते, ती म्हणजे सून. भारतीय कुटुंबाची माया म्हणून जिचा गौरव होतो, ती प्रत्यक्षात पथ्याचे जेवण, औषधाच्या वेळा, अंथरुणाच्या चादरी आणि रात्रीची जाग अशा कामांनी बनलेली असते. ही कामे करतो कोण? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोल कामांत सहभागी असलेल्या स्त्रिया दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे देतात. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात स्त्रियांची १३७, तर पुरुषांची ७५ मिनिटे जातात. मुलगा आई-वडिलांना सांभाळतो, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी त्यातला कर्ता बहुतेक वेळा चुकलेला असतो. स्वतःच्या आई-वडिलांना सांभाळण्याची तिची इच्छा या वाक्यात कुठेच बसत नाही, ते निराळेच.

कायदा तरी तिची दखल घेतो का? २००७ च्या अधिनियमातील 'मुले' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. सून आणि जावई येत नाहीत. मालमत्तेच्या वारसाची व्याख्या कायद्याने केली, राबणाऱ्याची केली नाही. उलट, कायद्याची पहिली झळ पुष्कळदा तिलाच बसते. मुलाचे आणि सुनेचे बिनसले की सासू-सासऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ज करायचा आणि घर रिकामे करून घ्यायचे, असे प्रकार वाढले. बेंगळुरूतील अशाच एका प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सुनेला दिलेला सामाईक घरात राहण्याचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सरसकट पुसता येणार नाही. एका निराधाराच्या रक्षणासाठी केलेला कायदा दुसऱ्या निराधाराला बाहेर काढण्यासाठी वापरला जात होता. न्यायालयाने दोन्ही कायदे सुसंगतपणे वाचायला सांगितले. न्यायाधिकरणात बसलेल्या प्रांताधिकाऱ्याला ते दर वेळी कसे जमणार, हा प्रश्न उरतोच.

कायद्याने जमत नाही म्हटल्यावर सरकारे पगाराकडे वळली. आसामने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या वेतनातून दहा टक्के आणि घरात दिव्यांग भावंड असल्यास पंधरा टक्के रक्कम कापून आश्रितांना देता येते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो त्यांच्या आई-वडिलांना देण्याचा ठराव झाला आणि त्याची अंमलबजावणीही सुरू झाली. कापलेल्यांत शिक्षकही होते. आसामने जानेवारी २०२२ मध्ये आई-वडील वा सासू-सासरे यांच्या सहवासासाठी कर्मचाऱ्यांना दोन दिवसांची खास रजाही दिली. चीनने तर १ जुलै २०१३ पासून लागू केलेल्या कायद्यात दूर राहणाऱ्या मुलांनी वृद्धांना वरचेवर भेटावे वा त्यांची खुशाली विचारावी, असे कलमच घातले. पगार कापला की औषधाला पैसे मिळतात, यात शंका नाही. लातूरच्या ठरावाला हसणाऱ्यांनी त्या पैशांवर महिना काढणाऱ्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. पण आदेशाने आलेला मुलगा दारात उभा राहिला, तर आईने त्याला काय म्हणावे, हे चीनच्या कायद्यातही लिहिलेले नाही.

मुलांच्या कर्तव्याबाबत एवढे दक्ष असणारे सरकार स्वतःच्या कर्तव्याबाबत किती दक्ष आहे, हेही तपासायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील १०.३८ कोटी लोक होते. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३६ मध्ये हा आकडा २२.७ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १५ टक्क्यांवर जाईल. यांतील बहुसंख्यांनी शेतात, बांधकामांवर, दुसऱ्यांच्या घरी किंवा स्वतःच्या टपरीवर आयुष्य काढले असेल. त्यांना निवृत्तिवेतन नाही. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र सरकारचा मासिक वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये आहे. महाराष्ट्रात राज्याची जी योजना आहे, तिला 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असे नाव आहे. या श्रावणबाळाने २०२३ मध्ये मासिक रक्कम हजारावरून दीड हजार केली; वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तरच ती मिळते. म्हणजे महिन्याला १७५० रुपये मिळवणारी विधवा या कावडीत कशीबशी बसते, दोन हजार मिळवणारी बाहेर राहते.

दहा हजार रुपयांची निर्वाह मर्यादा काढून टाकणारे, सून-जावयांनाही जबाबदारीच्या व्याख्येत घेणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. पण विधेयक मंजूर होण्यापूर्वीच २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर ते व्यपगत झाले. व्याख्या रुंदावली असती, तर सुनेला जबाबदारी मिळाली असती. तिच्या कामाचा मोबदला, शुश्रूषेसाठी मदतनीस, दिवसभराची देखभाल केंद्रे यांपैकी कशाचीही हमी त्यातून मिळणार नव्हती. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे गरीब वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारांनी उभारावा, असे म्हटले आहे. राज्य सरकार तसे 'करू शकेल', असा त्या कलमाचा शब्दप्रयोग आहे. मुलांसाठी असलेल्या कलमांत मात्र 'करील' असे बंधनकारक क्रियापद आहे.